वयस्कर आई-वडिलांची रक्तवाहिन्यांची जोखमीची शस्त्रक्रिया: निर्णय कसा घ्यायचा

पंचाहत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या आईला किंवा वडिलांना रक्तवाहिन्यांचं मोठं ऑपरेशन सांगितलं की घरात दोन प्रश्न एकाच वेळी उभे राहतात. नाही केलं तर काय होईल? आणि केलं आणि टेबलावरच काही झालं तर? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण अशी की त्यांची धड उत्तरं मिळायच्या आतच संमतीपत्र पुढ्यात येतं. ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदाच आली आहे, त्यांना मधल्या काळात काय करता येईल ते क्रमाने सांगतो. औषधोपचाराचा सल्ला रुग्णाला तपासणारे डॉक्टरच देतील, पण त्यांच्यासमोर तयारीने बसणं आपल्या हातात आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या निर्णयाची सुरुवात स्कॅनमधल्या आकड्यापासून होते, पण तो ठरायला हवा आई-वडिलांना पुढचे दिवस कसे जगायचे आहेत यावर. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

पायरी १: आजाराचं नेमकं नाव आणि हातातला वेळ

"नसांमध्ये ब्लॉक आहे" किंवा "मोठी नस फुगली आहे" एवढं ऐकून घरी येऊ नका. कोणती रक्तवाहिनी, शरीरात कुठे, किती अरुंद किंवा किती रुंद झाली आहे, आणि त्याचा त्रास आत्ता होतोय का, या गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्यानंतर विचारा: हे आज रात्री ठरवायचं आहे, या आठवड्यात, की दोन-तीन महिन्यांत?

तासांत ठरवायच्या गोष्टी थोड्या आहेत. पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, फुटणं: पोटात किंवा पाठीत अचानक असह्य कळ, घाम, भोवळ. महाधमनीचा आतला थर चिरणं, म्हणजे डिसेक्शन: छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी वेदना. आणि पाय एकाएकी थंड, पांढरा, बधिर पडणं. यात साधारण सहा तासांच्या आत रक्तपुरवठा सुरू झाला नाही तर स्नायू कायमचे मरू लागतात. अशा वेळी लेख वाचत बसू नये, रुग्णालय गाठावं.

काही आजारांत हातात आठवडे असतात. अर्धांगवायूचा छोटा झटका येऊन गेला आणि मानेतली कॅरोटिड धमनी बरीच अरुंद सापडली, तर ऑपरेशनचा सर्वाधिक फायदा पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो, म्हणून तिथे चालढकल महागात पडते. पायाला रात्री झोपेतही वेदना होणं, पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटणं, बोटावरची जखम न भरणं किंवा बोट काळं पडणं हेही याच गटात येतं.

उरलेले बरेचसे निर्णय महिन्यांचे असतात. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडलेला ॲन्युरिझम, म्हणजे रक्तवाहिनीला आलेला फुगा, कसलंही लक्षण नसलेली कॅरोटिड, थोडं चाललं की पोटरीत गोळा येणं. खेदाची गोष्ट ही की या तिसऱ्या गटातले निर्णय लोक पहिल्या गटातल्या घाईने घेतात. घाबरलेल्या घराला "लवकरात लवकर" हा शब्द "उद्या" असा ऐकू येतो. म्हणून तारीख विचारा.

पायरी २: काहीच केलं नाही तर काय होतं, ते आकड्यांत समजून घ्या

ऑपरेशनची जोखीम सगळे विचारतात. ऑपरेशन न करण्याची जोखीम विचारणारे कमी, आणि तो आकडा नसेल तर तुलना कशाशी करणार?

पोटातला ॲन्युरिझम घेऊ. तिथली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ती ३ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद झाली की ॲन्युरिझम म्हणतात. सायकलच्या ट्यूबवर एका जागी फुगा यावा तसं हे. भिंत तिथे पातळ झालेली असते. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत सहसा फक्त नजर ठेवतात. याला आधार आहे. ब्रिटनमधल्या १९९८ सालच्या आणि अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या चाचण्यांत ४ ते ५.५ सेंटिमीटरच्या ॲन्युरिझमचं लगेच ऑपरेशन केलेले आणि नियमित स्कॅन करत थांबलेले, या दोन गटांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही. म्हणजे ४.६ चा आकडा पाहून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

त्याहून मोठ्या ॲन्युरिझमबद्दल, ऑपरेशन नाकारलेल्या किंवा ते झेपणार नाही अशा रुग्णांवरचा एक अभ्यास २००२ मध्येच प्रसिद्ध झाला. एका वर्षात फुटण्याचं प्रमाण ५.५ ते ५.९ सेंटिमीटरसाठी सुमारे ९ टक्के, ६ ते ६.९ साठी १० टक्के आणि ७ च्या वर ३२ टक्के आढळलं. नंतरच्या संकलनांत हे आकडे बरेच खाली आले आहेत. हे उलट बाजूनेही वाचा: ६ सेंटिमीटरचा ॲन्युरिझम असलेल्या शंभरांपैकी नव्वद जणांचा वर्षभरात फुटला नाही. वडील एरवी धडधाकट असतील तर दरवर्षी साठत जाणारी ही जोखीम मोठी आहे. पण हृदय तीस टक्क्यांवर चालत असेल, फुप्फुसं थकली असतील, तर ॲन्युरिझम फुटायच्या आधी दुसराच आजार त्यांना गाठण्याची शक्यता जास्त. फुटल्यावर मात्र दहापैकी जवळजवळ आठ जण दगावतात, हेही त्याच कागदावर लिहा.

कॅरोटिडचं गणित वेगळं. झटका येऊन गेलेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असलेल्या रुग्णांत ऑपरेशनने दोन वर्षांतला त्याच बाजूच्या पक्षाघाताचा धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला, हे १९९१ च्या उत्तर अमेरिकी चाचणीत दिसलं. एवढा लाभ फार थोड्या ऑपरेशनांत मिळतो. लक्षणं नसलेल्यांत १९९५ च्या चाचणीत पाच वर्षांतला धोका ११ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे फायदा लहान आणि तो हाती यायला वर्षं लागतात. त्यानंतर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, आणि रक्तदाबाची औषधं सुधारली, त्यामुळे ऑपरेशन न करताही धोका पूर्वीपेक्षा कमी झाला. म्हणून ८४ वर्षांच्या, कधीच झटका न आलेल्या आईच्या कॅरोटिडसाठी कुणी घाई करत असेल तर "हा फायदा पदरात पडायला किती वर्षं लागतील?" हे जरूर विचारा.

पायाच्या बाबतीत एक मोठा गैरसमज काढून टाकायला हवा. चालताना पोटरी दुखते म्हणजे पाय कापावा लागणार, असं बहुतेकांच्या बाबतीत होत नाही. तिथे पहिला उपचार चालण्याचाच: आठवड्यातून तीनदा, अर्धा ते पाऊण तास, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, निदान तीन महिने. सोबत तंबाखू पूर्ण बंद, रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि स्टॅटिन. विश्रांतीत वेदना किंवा जखम असेल तेव्हा चित्र पालटतं. तिथे बायपास, अँजिओप्लास्टी, नुसती जखमेची देखभाल आणि वेदनाशमन, किंवा पाय काढणं, हे चारही पर्याय टेबलावर मांडायला लावा. चौथा ऐकायला भयंकर वाटतो. पण जी आई कित्येक महिने अंथरुणातून उठलेली नाही, जिचा गुडघा आखडून गेला आहे, तिच्यावर पाय वाचवण्यासाठी एकामागून एक तीन ऑपरेशनं करण्यापेक्षा एकदाच पाय काढून वेदना संपवणं कधीकधी जास्त दयाळूपणाचं असतं. सर्जनने हे बोलून दाखवलं तर त्याला निर्दय समजू नका.

पायरी ३: ऑपरेशन कोणत्या पद्धतीचं?

महाधमनीसाठी दोन वाटा आहेत. पोट उघडून फुगलेला भाग कृत्रिम नळीने बदलणं ही जुनी. जांघेतून तारेवरून आत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीचा आधार असलेली कृत्रिम नळी, बसवणं ही नवी. अर्जेंटिनाच्या हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनोस आयर्सला ती पोटातल्या महाधमनीवर केली, आणि मग ती जगभर पसरली. ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत तीस दिवसांतले मृत्यू उघड्या ऑपरेशनात ४.७ टक्के, तर स्टेंट-ग्राफ्टमध्ये १.७ टक्के होते. हे ऐकून सगळे लगेच दुसऱ्या वाटेकडे वळतात. त्याच रुग्णांचा पुढे पंधरा वर्षं मागोवा घेतला तेव्हा सुरुवातीचा फायदा विरून गेलेला दिसला, आणि आठ वर्षांनंतर तर स्टेंट-ग्राफ्टवाल्यांतच मृत्यू जास्त झाले. ग्राफ्टच्या कडेने रक्त झिरपू शकतं, म्हणून आयुष्यभर ठरावीक काळाने स्कॅन करत राहावं लागतं. ८२ वर्षांच्या वडिलांना पंधरा वर्षांनंतरची तुलना फारशी लागू नाही, त्यांच्यासाठी तीस दिवसांचा आकडा मोलाचा. ६६ वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या आईसाठी उलट.

आणखी एक चाचणी इथे फार महत्त्वाची आहे, आणि सल्ला देणारे नातेवाईक तिच्याबद्दल कधीच बोलत नाहीत. उघडं ऑपरेशन झेपणारच नाही अशा रुग्णांना स्टेंट-ग्राफ्ट बसवावा की काहीच करू नये, हे ब्रिटनमध्येच तपासलं गेलं. २००५ च्या निष्कर्षांत तीस दिवसांतले मृत्यू ९ टक्के निघाले आणि एकूण आयुर्मान वाढलं नाही. पुढे ॲन्युरिझममुळे होणारे मृत्यू कमी झालेले दिसले, पण माणसं तेवढ्याच काळात हृदयाच्या, फुप्फुसांच्या आजाराने गेली. "छोटंसंच तर आहे, पोट उघडायचं नाही, करून टाकू" या वाक्याला हे उत्तर आहे. आज यंत्रं आणि कौशल्य दोन्ही सुधारलेत, तरी प्रश्न तोच राहतो.

पायरी ४: ज्यांचं ऑपरेशन आहे त्यांना विचारा

सल्लामसलतीच्या खोलीतलं हे चित्र डोळ्यांसमोर आणा. सर्जन संगणकावरचा स्कॅन दाखवतोय, मुलगा आणि सून पुढे वाकून प्रश्न विचारताहेत, आणि आई कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर पिशवी धरून बसली आहे. तिचं श्रवणयंत्र घरी राहिलंय. बोलणं चाललंय तिच्याबद्दल, तिच्या डोक्यावरून. पुढच्या भेटीला श्रवणयंत्र आणि चष्मा आठवणीने न्या, आईची खुर्ची सर्जनसमोर ठेवा आणि स्वतः बाजूला बसा. एवढ्या बदलाने संभाषण वेगळं होतं.

त्याआधी घरी, शांतपणे, एकट्याने त्यांच्याशी बोला. "ऑपरेशन करायचं का?" असं थेट विचारलंत तर "तुम्ही म्हणाल ते" हे उत्तर ठरलेलं. असं विचारून पाहा:

- सध्याच्या दिवसात कोणती गोष्ट केल्यावाचून तुम्हाला चैन पडत नाही?
- कशाची सर्वांत जास्त भीती वाटते: मरणाची, वेदनेची, की अंथरुणाला खिळण्याची?
- बरं होण्यासाठी दोन-तीन महिने फार हाल सोसावे लागले तर चालतील का?
- कोणती अवस्था आली तर म्हणाल की आता पुरे?

उत्तरं त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. "मला माझं माझं नहाणीघरात जाता आलं पाहिजे" हे वाक्य सर्जनला पानभर रिपोर्टइतकंच उपयोगी पडतं, कारण त्यावरून तो सांगू शकतो की या ऑपरेशनानंतर ते कितपत शक्य आहे.

विस्मरण सुरू झालेल्या माणसाला काहीच ठरवता येत नाही, असं धरून चालू नका. माहिती समजणं, तोलणं आणि आपली पसंती सांगणं त्या दिवशी जमत असेल, तर मत त्यांचंच. सकाळी डोकं ताजं असताना, छोट्या वाक्यांत, एका वेळी एकच गोष्ट विचारा. आणि खरंच जमत नसेल तर "आम्हाला काय हवं" याऐवजी "त्या ठणठणीत असत्या तर काय म्हणाल्या असत्या" हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

महाधमनीच्याच आजारात दोन नामवंतांनी दोन टोकांची उत्तरं अनुभवली. आइन्स्टाइन यांच्या पोटातला ॲन्युरिझम १९४८ मध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेनने गुंडाळला होता. त्या काळी तेवढंच शक्य होतं. एप्रिल १९५५ मध्ये तो फुटू लागला तेव्हा ७६ वर्षांच्या आइन्स्टाइननी शुद्धीत असताना ऑपरेशन नाकारलं आणि १८ एप्रिलला त्यांचं निधन झालं. दुसरे मायकेल डिबेकी, महाधमनीच्या शस्त्रक्रियेचे अमेरिकेतले आद्य सर्जन. २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्या स्वतःच्या महाधमनीचा थर चिरला. ते ऑपरेशनला तयार नव्हते. पुढे त्यांची शुद्ध हरपली, त्यांची खरी इच्छा काय यावर डॉक्टरांत वाद झाला, रुग्णालयाची नीतिविषयक समिती बसली, पत्नीने आग्रह धरला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं. व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न असे कित्येक महिने काढून ते सावरले, ऑपरेशन झाल्याबद्दल समाधान व्यक्त केलं आणि २००८ मध्ये, ९९ व्या वर्षी गेले. मला या दोन हकिकतींतला एक फरक महत्त्वाचा वाटतो. आइन्स्टाइन स्वतः बोलू शकले. डिबेकींच्या बाबतीत निकराची वेळ आली तेव्हा त्यांच्या जागी इतरांना त्यांच्या इच्छेचा अर्थ लावावा लागला, आणि जगातल्या जाणत्या डॉक्टरांनाही तो एकमताने लावता आला नाही. तुमच्या घराला तर तो आणखी अवघड जाईल.

पायरी ५: शरीरात किती ताकद शिल्लक आहे?

वय हा आकडा फसवा आहे. ८५ वर्षांचा रोज दोन किलोमीटर चालणारा माणूस ७० वर्षांच्या खचलेल्या माणसापेक्षा ऑपरेशन चांगलं सोसतो. डॉक्टर यासाठी क्लिनिकल फ्रेलटी स्केल वापरतात; कॅनडात तयार झालेली ही पट्टी १ म्हणजे अगदी तंदुरुस्त इथून सुरू होऊन ९ पर्यंत जाते. दोन आठवड्यांपूर्वीची, म्हणजे ताजं आजारपण येण्याआधीची स्थिती तिच्यात मोजतात. आपल्या माणसाचा आकडा कितीवर येतो ते विचारा.

घरीही बरंच दिसतं. खुर्चीतून उठताना हातांचा आधार घ्यावा लागतो का? उठल्यावर क्षणभर टेबल धरून उभं राहावं लागतं का? चार मीटर चालायला पाच सेकंदांहून जास्त लागतात का? सहा महिन्यांत कपडे सैल झालेत का? गेल्या वर्षात किती वेळा पडले? त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा विचारतात का? ही उत्तरं घेऊन जा. सर्जन रुग्णाला पंधरा मिनिटं पाहतो, तेही बसलेला. जिना चढताना तुम्हीच पाहिलेलं असतं.

टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), फुप्फुसांची क्षमता, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन हे रिपोर्ट भूलतज्ज्ञांना आधीच दाखवा. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर स्कॅनमधल्या रंगद्रव्यानेही ते आणखी बिघडू शकतं, म्हणून "डायलिसिसची वेळ येण्याची शक्यता किती?" हे वेगळं विचारायला हवं. भूलतज्ज्ञांची भेट ऑपरेशनच्या आदल्या रात्री न होता निर्णयाच्या आधी व्हावी असा आग्रह धरा. जोखमीबद्दल अनेकदा सर्वांत स्पष्ट तेच बोलतात.

पायरी ६: सर्जनसमोर बसल्यावर

"जोखीम पाच टक्के" या वाक्याला तीन उपप्रश्न जोडा. पाच टक्के कशाची: मृत्यूची, पक्षाघाताची, की मूत्रपिंड जाण्याची? किती दिवसांत? आणि हा आकडा सर्वसाधारण रुग्णाचा, की आमच्या वडिलांचा? बहुतेक आकडे तीस दिवसांचे असतात. एकतिसाव्या दिवशी माणूस व्हेंटिलेटरवर असला तरी त्या हिशेबात तो यशस्वीच मोजला जातो.

मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या रक्तवाहिनी-सर्जन ग्रेचेन श्वार्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली एक साधी रीत वापरायला सांगा. कोऱ्या कागदावर दोन उभ्या रेघा काढायच्या, एक ऑपरेशनची आणि दुसरी ऑपरेशनशिवाय उपचारांची. प्रत्येक रेघेच्या वरच्या टोकाला चांदणी म्हणजे सर्वांत चांगलं काय होऊ शकतं, खालच्या टोकाला चौकोन म्हणजे सर्वांत वाईट काय, आणि मध्ये कुठेतरी लंबगोल म्हणजे या रुग्णाच्या बाबतीत बहुधा काय होईल. सर्जनने प्रत्येक खुणेपाशी टक्के न सांगता हकिकत सांगायची: आयसीयूत किती दिवस, घरी कधी, घरी आल्यावर स्वतः उठता येईल का, तीन महिन्यांनी दिवस कसा असेल. पेन तुम्हीच पुढे करा. लंबगोल कुठे काढायचा यावर सर्जन थबकतो, तो क्षण नीट पाहा. बहुतेक वेळा खरं उत्तर त्या थबकण्यातच मिळतं. कागद घरी घेऊन या.

याखेरीज हेही विचारा. हे ऑपरेशन तुम्ही आणि हे रुग्णालय वर्षाला किती करता, आणि तुमचे स्वतःचे निकाल काय आहेत? महाधमनीची ऑपरेशनं जिथे जास्त होतात तिथे निकाल चांगले असतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. कॅरोटिडच्या ऑपरेशनात पक्षाघात आणि मृत्यू मिळून प्रमाण लक्षणं नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आणि लक्षणं असलेल्यांत ६ टक्क्यांच्या आत असावं, असा सर्वमान्य दंडक आहे. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावत नाही.

वेळ असेल तर दुसरं मत घ्या. त्यासाठी छापील रिपोर्ट पुरत नाही. सीटी अँजिओच्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनच्या, मूळ प्रतिमांची सीडी किंवा फाइल मागून घ्या.

पायरी ७: गुंतागुंत झाली तर कुठवर जायचं, हे आधी ठरवा

ही पायरी सगळे टाळतात आणि नंतर सर्वांत जास्त तीच छळते. मोठं ऑपरेशन हाती घेताना सर्जन मनाशी धरून चालतो की रुग्णाने पुढचे सगळे उपचारही स्वीकारले आहेत. घरच्यांना ते ठाऊक नसतं. आठव्या दिवशी श्वासनलिकेला छिद्र पाडायची परवानगी मागितली जाते तेव्हा दोघेही चकित होतात.

म्हणून आधीच, रुग्णासमक्ष बोलून घ्या. व्हेंटिलेटर लागला तर किती दिवस प्रयत्न करायचा? डायलिसिस तात्पुरतं चालेल, पण कायमचं? मोठा पक्षाघात झाला तर? हृदय थांबलं तर छाती दाबायची का? मुदतीची भाषा इथे उपयोगी पडते: "सगळे प्रयत्न करा, दहा दिवसांनी एकत्र बसू, सुधारणा नसेल तर दिशा बदलू." ठरलेलं रुग्णाच्या फाइलमध्ये लिहून घ्या, आणि निर्णय कोण सांगणार त्या एकाच व्यक्तीचं नाव द्या. त्यासाठी तुमच्याकडे कायद्याने कोणता कागद लागतो ते रुग्णालयात विचारा.

पायरी ८: भावंडं

दूर राहणाऱ्या मुलाला सगळं करून पाहावंसं वाटतं. रोज सेवा करणाऱ्या मुलीला आईचे हाल दिसत असतात. दोघांचंही प्रेम खरं असतं, फक्त समोर दिसणारं चित्र वेगळं असतं. लांबच्यांना सर्जनच्या भेटीत फोनवर जोडून घ्या, म्हणजे निरोपानिरोपीत अर्थ बदलणार नाही, आणि आईच्या उत्तरांचा कागद सगळ्यांना पाठवा. मतदान घेऊ नका. पैशांचा आणि ऑपरेशननंतर कोण किती रजा घेऊन सोबत राहणार याचा विषयही याच बैठकीत काढा. तो मनात सगळ्यांच्याच असतो आणि उघड न बोलल्याने निर्णयात चोरपावलांनी शिरतो.

पायरी ९: हो म्हटलंत तर

हातात चार-सहा आठवडे असतील तर ते वाया घालवू नका. तंबाखू-सिगारेट आजच बंद. रोज चालणं, खुर्चीतून उठ-बस, श्वासाचे व्यायाम, आहारात प्रथिनं. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या गोळ्या कधी थांबवायच्या, कधी सुरू करायच्या, हे नावानिशी लिहून घ्या. स्वतःच्या मनाने बंद करू नका.

उघड्या ऑपरेशनानंतर साधारण आठवडा-दहा दिवस रुग्णालयात आणि पूर्वीची उभारी यायला तीन ते सहा महिने जातात. स्टेंट-ग्राफ्टनंतर सहसा काही दिवसांत घरी सोडतात. पायाच्या बायपासनंतर जांघेतली आणि पायावरची जखम भरायला वेळ लागतो, पाय काही महिने सुजतो.

एका गोष्टीसाठी मनाची तयारी हवीच. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वडील सलाइनची नळी ओढू लागतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, समोर उभ्या मुलावर ओरडतात. याला डिलिरियम म्हणतात, वयस्करांत मोठ्या ऑपरेशननंतर ते बऱ्याचदा आढळतं आणि बहुतेकांत ओसरतं, काहींना मात्र आठवडे लागतात. चष्मा आणि श्रवणयंत्र लावून द्या, समोर घड्याळ ठेवा, दिवसा पडदे उघडे आणि रात्री अंधार, आणि ओळखीचा एक चेहरा सतत जवळ. वाद घालू नका. "मी आहे इथे, आज मंगळवार, तुम्ही रुग्णालयात आहात" एवढं पुन्हा पुन्हा सांगा. वर्तनात अचानक बदल दिसला की परिचारिकेला लगेच कळवा, कारण मागे संसर्ग, तुंबलेली लघवी किंवा न सांगितलेली वेदना असू शकते.

पायरी १०: नाही म्हटलंत तर

नकार दिला की उपचार संपले, असं नसतं. रक्तदाब, स्टॅटिन, ॲस्पिरिन, जखमेची पट्टी, वेदनेची औषधं, हे सगळं चालूच राहतं, आणि वेदनाशामक सेवेच्या डॉक्टरांना शेवटच्या आठवड्याऐवजी आत्ताच गाठ घालून द्या. ऑपरेशन करायचंच नाही हे पक्कं असेल तर दर सहा महिन्यांनी ॲन्युरिझम मोजण्यातही अर्थ उरत नाही. वाढलेला आकडा नुसती झोप घालवतो. तब्येत सुधारली, नवं लक्षण आलं किंवा आईचं मन बदललं तर निर्णय पुन्हा उघडता येतो, हे सर्जनकडून वदवून घ्या.

आणि ॲन्युरिझम फुटला तर काय करायचं, हे डॉक्टरांसोबत बसून एका पानावर लिहा: कोणाला फोन करायचा, रुग्णालयात न्यायचं की घरीच आराम द्यायचा, वेदनेसाठी कोणतं औषध, ते कोण देणार आणि ते घरात कुठे ठेवलंय. ते पान फाइलच्या सर्वांत वर लावा, एक प्रत पलंगाजवळ ठेवा, आणि रात्री सोबत झोपणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवा.